‘वाचन उत्तम’ हा माझा शेरा

केतकीचा मला हेवा वाटायचा. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं लिहिलं तर ते मोठ्या मनाने लिहिलंय असा कुणाचा समज नको व्हायला. माझं मन तेव्हाही मोठं नव्हतं आणि निवृत्तीनंतर ते वाढल्याचं घरातल्या कुणी अजून सांगितलेलं नाही.

हडपसरच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. दुसरी नाही, तिसरी नाही, पहिलीच. वरचे वर्ग दोनदा देऊ केले होते, मी नको म्हटलं. लोकांना वाटतं, पहिलीला शिकवायचं म्हणजे काय, ग म भ न. करून बघा म्हणावं. सहा वर्षांच्या मुलाला ‘क’ म्हणजे एक उभी रेघ आणि दोन पोटं, बस. त्या आकाराला एक आवाज असतो, तो आवाज आपण रोज बोलतो त्याच शब्दांत लपलेला असतो, आणि असे तीन आवाज शेजारी शेजारी बसवले की त्यातून शब्द निघतो, हे डोक्यात उतरायला बहुतेकांना दिवाळी उजाडते. मग एके दिवशी मूल वाण्याच्या दुकानाची पाटी वाचतं, आणि आपल्याला हे कधीकाळी येत नव्हतं हेच विसरून जातं. शिकवणारीलाही विसरतं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, किंवा वाटत नाही असं मी समजत होते.

दर वर्षी दोन-तीन मुलं मात्र अडायची. बोलायला चुणचुणीत, ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द परत सांगणारी, पण अक्षराशी गाठ पडली की संपलं. काल गिरवलेला ‘म’ आज परका. ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच. त्यांना आम्ही आळशी म्हणायचो, लक्ष नाही म्हणायचो, आणि रोज दहा ओळी शुद्धलेखन जास्त द्यायचो. ती मुलं दहा ओळी सुबक लिहून आणायची आणि आपण काय लिहिलंय ते त्यांना वाचता यायचं नाही. यात काहीतरी चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, कारण दुसरीत गेली की ती दुसरीच्या बाईंची व्हायची.

माझी पद्धत एका सुरात वाचायची. मी वाक्य वाचायचं, मग बेचाळीस मुलांनी त्याखालून बोट फिरवत ते म्हणायचं. माझा वर्ग वाचायला लागला की रस्त्यावरची माणसं थबकायची. आणि माझी एक प्रथा होती. ज्या मुलाला अख्खा धडा न अडखळता वाचता येईल, त्याने पालकसभेत माझ्या खुर्चीवर उभं राहून तो वाचायचा. एरवी त्या खुर्चीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्या एका दिवसासाठी मुलं जीव टाकायची, आणि खरं सांगायचं तर मीही.

तर अशा माझ्या चालत्या राज्यात केतकी आली.

तिकडे खराडीला काचेच्या इमारती उठत होत्या आणि इकडे आमच्या शाळेचा पट घसरत होता. ज्याला थोडी बरी नोकरी लागली तो मुलाला इंग्रजी शाळेत घालायला धावायचा. आमच्याकडे उरली कारखान्यातल्या कामगारांची मुलं, वाशीम-यवतमाळकडून पोटापाण्यासाठी आलेल्यांची मुलं. संस्थेला कुणीतरी सुचवलं की अडणाऱ्या मुलांसाठी एक खास शिक्षिका ठेवा, त्याने शाळेचं नाव होईल. केतकीचा नवरा त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत होता. ती वारजेहून स्कूटरवर यायची, पायात पळायचे बूट, खांद्याला झोळी, वय सत्तावीस. याच विषयाचं दोन वर्षांचं शिक्षण घेतलं होतं. आमचे मुख्याध्यापक जगदाळेसर मला म्हणाले, “बाई, तुम्हाला मदत होईल.” मी म्हटलं, “हो ना, एकतीस वर्षं वाटच बघत होते.” तेव्हा खरं तर सव्वीसच झाली होती, पण आता एकतीस हाच आकडा तोंडात बसलाय.

तिला जिन्याखालची खोली मिळाली. तुटके बाक आणि लेझीम तिथे पडून होते. ते हलवलं, भिंतीला पिवळा रंग लावला, नवं कपाट आणलं. नवं! मी तीन वर्षं फळा रंगवून मागत होते, तर ‘बघू, बाई’. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की मुलांनी तिला पहिल्या दिवशीच ‘ताई’ करून टाकलं. स्कूटर फाटकातून आत आली की पोरं धावत सुटायची. मी बसमधून उतरून चालत यायचे तर शहाण्यासारखी रांग करून उभी राहायची. इतकी वर्षं मी त्याला आदर समजत होते.

ती करायची काय, तर चिंचोके मांडायची. मधल्या सुट्टीत डबा खायचा सोडून मी त्या खोलीच्या खिडकीजवळून कितीदा गेले असेन, आता सांगायलाही लाज वाटते. पुस्तक नाही, पाटी नाही. ती नुसती म्हणायची, “गवत.” मुलं म्हणायची “ग, व, त” आणि तीन चिंचोके पुढे सरकवायची. मग “भाकर. यातला पहिला तुकडा काढला. काय राहिलं?” मुलं विचारात पडायची, मग एखादं म्हणायचं, “कर.” की सगळी खूश. मी शिक्षकखोलीत येऊन म्हटलं, “पगारी सागरगोटे चाललेत खाली.” सगळे हसले. मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गात पल्लवी होती. वडील राऊत, वाशीमकडचे, एका कारखान्यात मशीनवर. आई घरीच. पल्लवी म्हणजे दोन घट्ट वेण्या आणि आवाज असा, की ती कविता म्हणायला लागली की मी हातातलं काम ठेवायचे. सप्टेंबरमध्येच तिने ‘सई’चा धडा वाचून दाखवला. ‘सई आली. सईने घर झाडले. अंगणात चिमण्या आल्या. सईने दाणे टाकले.’ अशी दोन पानं, एकदाही अडखळली नाही. पालकसभेत ती माझ्या खुर्चीवर उभी राहिली. वाचन संपल्यावर राऊत मागच्या भिंतीपाशी उभे राहून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. केतकी दाराशी होती. मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं. चिंचोक्यांशिवाय हे असं होतं, बघून घे.

दुसऱ्या दिवशी केतकी माझ्या वर्गात आली. मुलं गेल्यावर हळूच म्हणाली, “बाई, राग मानू नका. पल्लवी वाचत नव्हती. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड सातव्या.”

“लहान मुलांचं बोट हलतं,” मी म्हटलं.

“माझ्याकडे पाठवाल का? रोज अर्धाच तास.”

“माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी तुम्हाला हवी. उद्या मलाच घेऊन जा, मीही अडखळते कधीकधी.”

ती नुसती मान हलवून गेली. उलटून बोलली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मी घरी गेले ती धुमसतच. पण मनात किडा शिरला होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पल्लवीला थांबवलं. फळ्यावर धड्यातलीच वाक्यं लिहिली, फक्त उलटसुलट. सगळ्यात वर ‘सईने दाणे टाकले’. म्हटलं, वाच. तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, “सई आली.” पुढच्या ओळीवर, “सईने घर झाडले.” सगळं पाठ. एकही अक्षर वाचलेलं नाही. मी नुसता ‘द’ लिहून विचारला, तर ती माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. फळ्याकडे नाही, माझ्याकडे, ओठांकडे. तेव्हा मला समजलं की चार महिने ही मुलगी माझं तोंड वाचत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच पाठवली असेल केतकीकडे. नाही पाठवली. मला ते सहन होणार नव्हतं. जिला मी खुर्चीवर उभं केलं, तिला जिन्याखाली पाठवायचं आणि त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला ‘तुमचं बरोबर होतं’ म्हणायचं. मी ठरवलं, मीच शिकवते हिला, कुणाला कळायच्या आत.

आणि मी काय केलं? तिचीच युक्ती चोरली. घरून डबाभर चिंचोके नेले. पण मी पडले पहिलीची बाई. मी ते अख्ख्या वर्गाला दिले आणि एका सुरात सुरू केलं. मी म्हणायचं “गवत”, आणि बेचाळीस मुलांनी म्हणायचं “ग, व, त, तीन!” काय आवाज घुमायचा. चार दिवसांत वर्गाला पन्नास शब्द पाठ झाले. पल्लवीलाही झाले. एकेकाला वेगळं बसवून त्याचा कान काय ऐकतोय ते शोधायचं असतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. जी पोरगी घोळक्याच्या आवाजात लपत होती, तिला मी लपायला आणखी एक जागा करून दिली. शिवाय रोज दहा ओळी लेखन होतंच.

सहामाही संपली. प्रगतिपुस्तकं भरायला घेतली. पल्लवीच्या पानावर वाचनापुढे मी लिहिलं, ‘उत्तम’. माहीत असताना लिहिलं. मला वाटलं होतं, वार्षिकपर्यंत खरं करून दाखवीन.

दिवाळीनंतर पल्लवीची आई भेटायला आली. पदर सावरत दाराशीच थांबली. “बाई, पोरीचं पोट दुखते रोज सकाळी. शाळंत यायच्या टायमालेच. डॉक्टर म्हणते, काही नाही. त्या जिन्याखालच्या ताईकडं पाठवू का? शेजारीन म्हणे, तिथं पोरं खुश राहतात.”

मी म्हटलं, “अहो, ते कच्च्या मुलांसाठी आहे. पल्लवीला काय गरज?”

तिने हात जोडले. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. ती आनंदाने गेली आणि मी हजेरी घ्यायला लागले. या एका वाक्यासाठी मी स्वतःला बऱ्याचदा बोल लावलेत. पण त्या दिवशी मला काय वाटलं ते लिहायचं कबूल केलंय, तर लिहिते. मला वाटलं, नशीब माझ्याकडेच विचारायला आली.

पल्लवी हळूहळू बोलायची बंद झाली. कविता म्हणायला सांगितली तर आधी माझ्या तोंडाकडे बघून, पुस्तकातून वाचायला तर लावणार नाही ना, याचा अंदाज घ्यायची. तिकडे केतकीच्या खोलीतली मुलं, ज्यांना मी ‘ढ’ म्हणून सोडलं होतं, ती जिन्याच्या पायऱ्यांवर बसून एकमेकांना शब्द वाचायला लावत होती. खडूने पायरीवर ‘नळ’ लिहायचा, मग ओलं बोट फिरवून पुसायचा. मी त्यांना रस्ता अडवला म्हणून रागावले. जगदाळेसर एकदा सहज म्हणाले, “केतकीताईंच्या हाताला गुण आहे हो.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हाताबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

मार्चमध्ये एका दुपारी राऊत आले. कारखान्याचा निळा गणवेश अंगावरच, पल्लवीचा हात धरलेला. चेहरा नुसता उजळला होता. “बाई, दाखला पायजे. इंग्लिश मीडियमले टाकतो पोरीले. आमचे सुपरवायझर म्हणे, हुशार असंन तं इथं कायले ठेवता. तुम्हीच लिवलं हाय ना, वाचन उत्तम. ते प्रगतिपुस्तक पाहून त्यायनं मुलाखतीले बोलावलं.”

मी त्यांना बसायला सांगितलं आणि त्यांनी आणलेला दाखल्याचा अर्ज पुढे ओढला. माझं काम सही करून वर पाठवायचं, एवढंच. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात जे आलं ते कुणाला सांगितलेलं नाही. मला सुटका वाटली. जाऊ दे. तिकडे जाईल, इंग्रजीत अडेल, सगळे म्हणतील, मराठीत बरी होती. माझ्या शेऱ्याला धक्का लागणार नाही. आणि केतकीलाही ती मिळणार नाही. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं होतं.

राऊतांना आनंद आवरत नव्हता. टेबलावर दुसरीचं पुस्तक पडलं होतं. ते त्यांनी मधेच कुठेतरी उघडलं आणि पल्लवीच्या हातात दिलं. “वाच, बाईले वाचून दाखव. दुसरीचं बी वाचते ती, बाई.”

पल्लवीने पानाकडे पाहिलं. चित्र नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी ओठ मिटूनच ठेवले. तिने पानावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली, “सई आली. सईने घर झाडले. अंगणात चिमण्या आल्या.” आवाज तोच, गोड, पण हळू. राऊत पुस्तकात डोकावून दर वाक्याला मान डोलावत होते. पानावर गावच्या विहिरीची माहिती होती. सई नव्हती, चिमण्याही नव्हत्या. ते मान डोलावतच होते.

मला ते कळायला एक क्षण लागला. मी म्हटलं, “राऊत, त्या पानावरची पहिली ओळ तुम्ही वाचा बरं.”

त्यांनी पुस्तक घेतलं. बराच वेळ बघत राहिले. “चष्मा नाही आणला,” म्हणाले. बत्तीस वर्षांचा माणूस. मी त्यांना कधी चष्म्यात पाहिलं नव्हतं.

“त्या पानावर सई नाही,” मी म्हटलं. “त्या पानावर विहीर आहे.”

पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ते खालच्या आवाजात म्हणाले, “मलेबी असंच होते बाई. सातवीलोक गेलो. मास्तर मारे. अक्षरं दिसतात, पन बोलतच नाहीत. कारखान्यात फळ्यावर काही लिवलं तं दुसऱ्याले इचारतो. म्हटलं, पोरगी तरी सुटली यातून. तुम्ही लिवलं होतं ना.”

“मी लिहिलं ते खोटं होतं,” मी म्हणाले. “तिला वाचता येत नाही. मला सप्टेंबरपासून माहीत होतं.”

“मंग काहून लिवलं?”

मी म्हटलं, “चुकलं.” पूर्ण उत्तर जिन्याखाली बसलं होतं आणि ते त्या माणसाला सांगण्याची माझी छाती झाली नाही. ते रागावतील, ओरडतील असं वाटलं. त्यांनी अर्ज उचलून त्याची घडी केली, खिशात ठेवली आणि विचारलं, “आता काय करू?” अशा वेळी माणूस ओरडला तर फार सोपं जातं.

मी उठले. पल्लवीचा दुसरा हात धरला आणि आम्ही तिघं जिना उतरलो. केतकी कपाट आवरत होती. मी सगळं सांगितलं, फळ्यावरच्या परीक्षेसकट, शेऱ्यासकट, आईला परत पाठवल्यासकट. ‘मी म्हटलं नव्हतं का?’ हे तिने म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. ते ती म्हणाली असती तर मला तिला नावं ठेवायला थोडी तरी जागा मिळाली असती. ती इतकंच म्हणाली, “ऑक्टोबरमध्ये आली असती तर बरं झालं असतं, बाई.” मग राऊतांना खुर्ची दिली आणि समजावून सांगायला लागली. पोरीचे डोळे ठीक आहेत, कान ठीक आहेत, बुद्धी तर चांगलीच आहे. बोललेल्या शब्दाचे तुकडे वेगळे ऐकू येणं आणि प्रत्येक तुकड्याला अक्षराची गाठ बसणं, इथे अडतंय. घराण्यात असतं हे. तुम्ही आळशी नव्हता. याला डिस्लेक्सिया म्हणतात, पण एवढ्या लहान मुलीवर आत्ताच शिक्का नको मारायला, धोका आहे एवढंच म्हणू आणि कामाला लागू. राऊतांनी मधेच विचारलं, “मी आळशी नव्हतो म्हणता?” आणि तिने पुन्हा सांगितलं, नव्हता. ते ऐकताना मला आमच्या दहा-दहा ओळी आठवल्या, आणि मी तिथून निघून आले.

पल्लवी इंग्रजी शाळेत गेली नाही. आमच्याच दुसरीत गेली आणि रोज अर्धा तास जिन्याखाली. आता मी सुधारले असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. हेवा उलट वाढला. आधी केतकीला माझी मुलगी मिळू नये असं वाटायचं, आता ती मिळाली होती. पल्लवीचं पोट दुखायचं थांबलं. ती पुन्हा मोठ्याने बोलायला लागली. ऑगस्टमध्ये एक दिवस मी खिडकीपाशी होते. केतकीने एका कागदावर ‘वगळ’, ‘मदन’ असे काही शब्द लिहिले होते, कुठल्याच धड्यात नसलेले. पल्लवीने एकेका अक्षरावर थांबत, ओठ हलवत, घाम येईस्तोवर कष्ट करून एक शब्द वाचला. आवाज गोड नव्हता, खरखरीत होता. तिचं ते पहिलं खरं वाचन. तिने वर पाहिलं ते केतकीकडे. मी शिक्षकखोलीत जाऊन पाणी प्यायले. मला आनंद झाला होता, हे खरं आहे. आणि तो शब्द मला ऐकायचा होता, माझ्यासमोर, माझ्या वर्गात, हेही तितकंच खरं आहे.

डिसेंबरात केतकीच्या नवऱ्याला कंपनीने अमेरिकेला पाठवलं. पंधरा दिवसांत तिला निघायचं होतं. दुसरी शिक्षिका मिळेना. एवढ्या लांब, एवढ्या पगारात कोण येणार? जगदाळेसर खोली बंद करायचं बोलायला लागले. तेव्हा केतकी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही घ्याल? शाळा सुटल्यावर तास-दीड तास. मी दाखवते सगळं.”

“मला कशाला विचारता? मी तर सगळ्यांना घोळक्याने शिकवते.”

“एवढे दिवस खिडकीतून बघताय, तर निम्मं आलंच असेल,” ती म्हणाली. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी कानापर्यंत लाल झाले. पंधरा दिवस त्या मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसून मी तिचं बघितलं, वहीत लिहून घेतलं. चांगली शिकवते, याहून वाईट गोष्ट तिच्याबद्दल मला सापडली नाही.

ती गेल्यावरच्या सोमवारी मी खोली उघडली. पाच मुलं. चौघं बसली, पल्लवी दारात उभी. आत ये म्हटलं, आली नाही. ताईच पाहिजे म्हणून रडायला लागली, हुंदके देऊन. मी तिला कधी मारलं नव्हतं, फार रागावलेही नव्हते. तरी माझ्याकडे यायला तिचे पाय उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर पायरीवर बसले. गुडघे दुखत होते. म्हटलं, “पल्लवी, मला ताईसारखं येत नाही.”

“माहीत हाय,” ती म्हणाली.

“मग तू दाखव मला. ताई काय करायच्या?”

तिने नाक पुसलं. मग म्हणाली, “पाठ करा इकडं.” मी वळून बसले. बाकीची चार मुलं काम सोडून बघायला लागली. तिने माझ्या पाठीवर, ब्लाउजच्या वर, बोटाने एक अक्षर काढलं आणि विचारलं, “सांगा, कोनतं?”

मला काही कळलं नाही. वळणं घेतली, एक रेघ ओढली, बस. सत्तावीस वर्षं अक्षरं शिकवलेली मी, आणि पाठीवर काढलेलं एक अक्षर मला ओळखू येईना. माझ्या मागे पाच मुलं वाट बघत होती. मला घाम फुटला. मी अंदाजाने म्हटलं, “भ.”

“नाही,” पल्लवी म्हणाली. मी थांबले. कुणी हसेल, ती च्यक करेल, लक्ष कुठे आहे तुमचं म्हणेल, जे जे मी म्हटलं असतं ते सगळं आता ऐकायला मिळेल असं वाटलं.

तिने तळहाताने माझी पाठ पुसली, जणू पाटीच. आणि म्हणाली, “राहू द्या. हळू काढते आता.”

तिने हळू काढलं. चुकणाऱ्याशी असं वागायचं असतं, हे तिला पहिलीच्या वर्गात कुणी शिकवलेलं नव्हतं.